कडेचे केस

टायरवाल्या काकांनी माझ्या स्कूटरचा जुना टायर काढून समोर टाकला. मधून तो अगदी गुळगुळीत झाला होता, पण दोन्ही कडांना नव्या टायरला असतात तसे रबराचे बारीक केस अजून शाबूत होते.

"ताई, रोज एकाच सरळ रस्त्यानं जाता वाटतं," काका म्हणाले. "वळणावर गाडी कलली की कडा झिजतात."

मी हसले खरी, पण तेव्हापासून जीवाला चैन नाही. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. रोज इतकी दमून परतते, म्हणजे पुष्कळ हिंडत असेन असंच मला वाटायचं. वाटेत डावीकडे टेकडीवर चढणारा वळणावळणाचा रस्ता लागतो. तो कुठे जातो, मला माहीत नाही.

नवा टायर बसला, त्याच संध्याकाळी मी त्या रस्त्याच्या तोंडाशी थांबले. डावा इंडिकेटरही लावला. तेवढ्यात घरून फोन आला, "येताना दही आण गं."

आज पार्किंगमध्ये वाकून नवा टायर पाहिला. मधले केस झिजून गेलेत. कडेचे मात्र जसेच्या तसे आहेत.