नानांच्या ओसरीवरची शाळा

"गोदावहिनींचा भाऊ येतोय म्हणे इंदूरहून. दत्तूला शाळेसाठी कायमचा घेऊन जाणार, कारण नानांनी घरी शिकवून शिकवून त्या पोराचं पार..."

विहिरीवर मला एवढंच ऐकू आलं. पुढचं सगळं रहाटाच्या करकरीत गेलं, आणि रहाट थांबला तेव्हा बायका कैरीच्या लोणच्यावर आल्या होत्या. पोराचं पार काय झालं, हे कुणाला विचारायचीही सोय नाही. मी विचारलं की म्हणतात, "आक्का, तुमचं दार त्यांच्या समोर, तुम्हीच सांगा."

खोटं नाही ते. विरजण मागायला म्हणून मी दिवसातून दोनदा तरी त्यांच्याकडे जातेच. विरजण लागतं एकदाच, पण दत्तूला घरी शिकवायला लागल्यापासून त्या घरचे किस्से इतके साठलेत, की एका वाटीत मावत नाहीत.

आमच्या देवासची गंमत बाहेरच्यांना सांगावी लागते. गाव एक, राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू एकाची, ती दुसऱ्याची. माझं घर धाकट्या पातीत, नानांचं समोरच थोरल्या पातीत. मधून एक बैलगाडी जाईल एवढाच रस्ता, पण राज्य बदलतं.

नाना थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून. शाळा आहे माझ्या भिंतीला लागून, म्हणजे धाकट्यांच्या हद्दीत. नाना म्हणाले, "थोरल्यांचं मीठ खायचं आणि मुलगा धाकट्यांच्या शाळेत घालायचा, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." त्यांच्या पातीची शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिकडं जाताना दोनदा धाकट्यांची हद्द लागते. तेव्हा दत्तूला घरीच शिकवायचं ठरलं. दत्तू तेव्हा नऊ वर्षांचा.

मी दत्तूच्या आईला, गोदाला विचारलं, "नानांना जमेल का गं शिकवायला?"

ती म्हणाली, "कचेरीत बारा वर्षं काढली त्यांनी. एका पोराचं काय घेऊन बसलात?"

*

नानांना कचेरी तेवढी माहीत, म्हणून शाळाही कचेरीसारखीच चालली. पाणी प्यायला जायचं तर दत्तूनं अर्ज करायचा. अर्ज लेखी, खाली सही, वर 'विज्ञापना विशेष'. नाना तो वाचणार, कोपऱ्यात शेरा मारणार आणि कापडाच्या रुमालात बांधून फडताळात ठेवणार.

एक दिवस दत्तूनं जेवायला जायचा अर्ज केला. नानांनी शेरा मारला, 'मागाहून विचार होईल.' आणि स्वतः हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले.

समोर ताट नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"अगं, वाढतेस ना?" नानांनी हाक दिली.

गोदा चुलीपुढून म्हणाली, "तुमचा अर्ज आला नाही अजून."

त्या दिवसापासून जेवणाला अर्ज लागेनासा झाला. पाण्याला मात्र चालूच.

*

भूगोल नाना चालून शिकवत. दत्तूचा हात धरून गावातून फिरवायचं आणि काठीनं दाखवायचं. हे गटार आपलं, तो पिंपळ त्यांचा. ह्या हलवायाचं दुकान आपलं, पण त्याची पायरी त्यांची. महिनाभरात पोराला गावातली दगड न् दगडाची पाती पाठ झाली.

मी एकदा सहज विचारलं, "दत्तू, समुद्र कुठं असतो रे?"

दत्तूनं नानांकडं पाहिलं. नानांनी घसा साफ केला.

"समुद्र आपल्या हद्दीत नाही. त्याची चौकशी धाकट्या पातीकडं करावी."

म्हणजे माझ्याकडं. मी तरी कुठला दाखवणार?

*

गणित गोदाकडं होतं. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण पाढे तोंडपाठ. तिनं ते शिकवले पहाटे जात्यावर. एका बाजूनं ती खुंटा धरणार, दुसऱ्या बाजूनं दत्तू, आणि ओवीच्या चालीवर सात एके सात, सात दुणे चौदा. ऐकायला इतकं गोड, की माझं अंथरुणातच दोनपासून बारापर्यंत पक्कं झालं.

पुढं कळलं, की पोराला ते जात्याशिवाय येतच नाही. सात पाचे किती, असं विचारलं की दत्तू मांडी घालून खाली बसायचा, मूठ वळून हात गरागरा फिरवायचा, सात एकेपासून चाल धरायचा, आणि पस्तिसावर आला की थांबायचा. उत्तर बिनचूक.

गोदाच्या सासूबाई म्हणाल्या, "चूक नाही ना? मग फिरवू दे हात. पीठ तरी सांडत नाही."

*

पोरगा शिकला नाही असं मात्र म्हणू नका. हाटपिपल्याचा एक गवळी आहे, तूप घेऊन येतो. त्याला कचेरीतून कागद आला होता. असले कागद मोडीत असतात, म्हणजे ते हात न उचलता लिहायचं पळतं अक्षर. चांगल्या शिकलेल्यांना लागत नाही. गवळी दारोदार फिरून शेवटी ओसरीवर आला. नाना घरी नव्हते.

दत्तूनं कागद घेतला, मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत वाचला, घडी केली आणि म्हणाला, "उद्या या."

गवळ्याचं तोंड एवढंसं झालं. गोदानं आतून येऊन कान पिळला, तेव्हा दत्तूनं एका दमात सगळं वाचून दाखवलं. म्हैस कोंडवाड्यात आहे, चार दिवसांत सोडवून न्यावी. एक अक्षर अडलं नाही.

संध्याकाळी नाना भेटले तेव्हा गवळी म्हणाला, "नाना भिया, छोरा की पढ़ाई तो पूरी हुई गी. अब नौकरी लगई दो."

*

आता मामांची गोष्ट.

गोदाचे भाऊ वामनराव इंदूरला वकील. त्यांच्या थोरल्या भावाची, आबांचीही वकिली तिथंच. वामनरावांचं पत्र आलं, की परीक्षा घ्यायला येतो. पोराला येत असेल तर राहू दे तुमच्यापाशी. येत नसेल तर मी घेऊन जाणार, तिथं चांगल्या शाळेत घालू.

गोदा चार दिवस जेवली नाही नीट. एकुलतं एक पोर. एरवी माझ्याकडं कधी न येणारी बाई, आली आणि उंबऱ्यातच बसली. "आक्का, पोर माझ्याजवळ राहील ना हो? आम्ही दोघं शिकवतो ते काही चुकतंय का?" मी काय सांगणार? मी स्वतः तिसरीतून बाहेर पडलेली.

परीक्षेच्या दिवशी माझं विरजण सकाळीच संपलं.

ओसरीवर मामा लोडाला टेकून, नाना कचेरीची पगडी घालून, गोदा दाराआड आणि मी गोदाच्या आड. गणित झालं. दत्तूनं हात फिरवला, मामांनी भुवया चढवल्या, पण उत्तरं बरोबर. मग मामांनी पिशवीतून छापील बुक काढलं. "हं. कुठूनही वाच."

दत्तूनं पान उघडलं आणि बघत बसला. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छापील पुस्तक बालबोध अक्षरात असतं, सुटं सुटं, वर रेघ असलेलं. नानांच्या कचेरीत जन्मात छापील कागद येत नाही, तिथं सगळं मोडी. तर नानांनी पोराला मोडी शिकवलं आणि बालबोध शिकवायचं राहूनच गेलं.

मामा म्हणाले, "गोदे, बघितलंस? आईबापांनी पोर वाढवावं, शिकवायला मास्तर लागतो. कपडे बांध त्याचे."

गोदानं दाराची चौकट धरली.

दत्तू अजून पानंच उलटत होता. तेवढ्यात पुस्तकात खुणेसाठी घातलेला एक कागद त्याच्या हाती लागला. कागदावर मोडी. पोराचा चेहरा असा काही खुलला, आणि त्यानं ओसरी दणाणून जाईल अशा आवाजात, एका दमात वाचायला घेतलं.

"चिरंजीव वामनास आशीर्वाद. विशेष. मी कामानिमित्त परगावी, म्हणून लिहून कळवितो. आपला नकला लिहिणारा कारकून सोडून गेला, हे तू जाणतोसच. गोदीच्या पत्रावर दत्तूचे मोडी अक्षर पाहिले. त्या कारकुनापेक्षा वळणदार आहे. तरी शाळेचे नाव सांगून त्यास घेऊन यावे. दुपारी नकला लिहील, सकाळी माझ्या धाकट्या मुलास खेळवील. शाळेचे पुढे पाहू. गोदीपाशी यातले काही बोलू नये. कळावे, हे आशीर्वाद."

मामा लोडावरून सरळ बसले होते. थोरल्या भावाचंच पत्र ते; त्यांनी कागदासाठी हात पुढं केला.

नानांना मजकुराशी काही देणंघेणं नव्हतं. ते पगडी सावरत म्हणाले, "पाहिलंत वामनराव? एका अक्षराला अडला नाही."

गोदा दाराबाहेर आली. भावाकडं नाही, नवऱ्याकडं बघून म्हणाली, "उद्यापासून दत्तू समोरच्या शाळेत जाईल. बालबोध शिकायला. पाती कुठली का असेना."

नानांनी पगडी काढून खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी सगळ्यांना सांगितलं, की मामा आले हे खरं, दत्तू शाळेत गेला हेही खरं. इंदूरचं तेवढं खोटं. बायकांना ते पटलं नाही. अर्धीमुर्धी बातमी कुणाला आवडते?

त्याच सकाळी, मी विहिरीवर जायच्या आधी, वामनराव टांग्यानं निघाले तेव्हा मी ओट्यावरच होते. गोदानं त्यांच्या हातात दशम्यांचं गाठोडं दिलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "दादा, वाटेत खाऊन घे. आणि आबांना सांग, दत्तूचं अक्षर त्यांना आवडलं, हे ऐकून फार बरं वाटलं."