सातपूरचा स्विच

कटिंग ऑइलचा वास आला की सातपूरच्या एका कारखान्यातली दुपार आठवते. नेटवर्क बसवून देणाऱ्या कंपनीत मी नवी होते. कॉम्प्युटरच्या केबल एकत्र जोडणाऱ्या नव्या स्विचला नेटवर्कचा पत्ता द्यायचा आणि मशीन शॉपमधले कॉम्प्युटर कारखान्याच्या ऑफिसला जोडायचे, एवढंच काम होतं. पत्ता दिला, स्विच उत्तर देतो का ते पिंग करून पाहिलं, तर एकदा उत्तर येई आणि पुढच्या वेळी नुसतंच ‘टाइम्ड आउट’. केबल बदलली, पोर्ट बदलला, तरी तेच. कारखान्याचे मॅनेजर पाठीशी उभे राहून सारखे विचारत होते, “मॅडम, तुमचे सर कधी येणार?” “मीच करणार आहे,” मी म्हणाले. “तसं नाही हो, मालाचा डिस्पॅच अडकलाय ना.” शेवटी सापडलं, स्टोअरमधल्या प्रिंटरला कुणीतरी तोच पत्ता देऊन ठेवला होता, म्हणून दोघांची टक्कर होत होती. मी स्विचचा पत्ता बदलला आणि उत्तरं सलग येऊ लागली. मॅनेजरांनी लगेच आमच्या ऑफिसला फोन लावला. “थँक्यू सर, तुम्ही फोनवर सांगितलंत म्हणून झालं.” सरांचा फोन मला दिवसभरात आलाच नव्हता. मी केबल गुंडाळली, पण संताप बसमध्येही उतरला नाही. आता एखाद्या मुलीला साइटवर पाठवायचं असलं की मी तिथल्या मॅनेजरला आधी फोन करते आणि सांगते, जे विचारायचं ते हिलाच विचारा.