पॅच काढू नकोस

पॅच म्हटलं की मला अजून हसू येतं, आणि तोंड लपवावंसंही वाटतं.

न्यूझीलंडमध्ये टौरंगाकडच्या एका इस्पितळात मी नर्स म्हणून नुकतीच लागले होते. सकाळी ड्यूटी घेताना इन-चार्ज सिस्टर म्हणाली, "बारा नंबरच्या आजींचा मुलगा येतोय. त्याला पॅच आहे. तो काढल्याशिवाय आत सोडू नकोस." दहा वाजता आजींच्या पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. मुलगा दोन वर्षांनी भेटणार म्हणून त्या पहाटेपासून दाराकडे डोळे लावून होत्या.

आता नर्सला पॅच म्हणजे काय? सिगरेट सोडणाऱ्याच्या दंडाला लावतात ती निकोटिनची पट्टी! पुण्यात मला दुसरा पॅच कुणी शिकवलाच नव्हता. मला रागच आला. बिचारा व्यसन सोडतोय, तर ह्यांच्या पोटात का दुखतंय?

साडेनऊला तो आला. दारात मावेना एवढा धिप्पाड, गळ्यापर्यंत गोंदलेला, अंगात चामड्याचं जाकीट. मी इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार करत म्हटलं, "किया ओरा! पॅच अजिबात काढू नकोस हं. मला कौतुक वाटतं तुझं." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग आत जायला वळला, आणि त्याच्या पाठीवर गँगचं हातभर रुंद चिन्ह दिसलं. अगं बाई! पॅच तो हा होता तर.

इन-चार्जनेही ते पाहिलं आणि सिक्युरिटीला फोन लावला. तिचं काही चुकलं नव्हतं. महिन्याभरापूर्वीच दोन गँगची माणसं आमच्या कॅज्युअल्टीत एकमेकांवर धावून गेली होती, आणि सोडवायला गेलेल्या आमच्या सहकाऱ्याच्या हाताला टाके पडले होते. सरकारी इमारतीत पॅच नको, हा कायदा नवा होता आणि मला तो मनापासून पटतो. फक्त तेव्हा मला तो माहीतच नव्हता.

"हे मी कुणासाठी काढत नाही!" सिक्युरिटीने जाकीट काढायला सांगताच तो कॉरिडॉरमध्ये ओरडला. पावणेदहा झाले होते. त्याला घालवून दिलं असतं तर आजी त्याला न बघताच ऑपरेशनला गेल्या असत्या, आणि त्या वयात त्या परत येतील याची खात्री डॉक्टरांनीही दिली नव्हती. घोळ माझा होता. माझं डोकंच फिरलं.

"कुणासाठी म्हणजे? आत आई आहे ना तुझी? पंधरा मिनिटं उरलीत, आणि तू जाकिटासाठी भांडत बसलायस?" नवऱ्याला झापते त्याच सुरात मी त्याला झापलं. मग पेशंटच्या कपड्यांची पिशवी उघडून पुढे धरली. "आईच्या कपड्यांबरोबर कुलपात ठेवते. कुणी हात लावणार नाही."

त्याने जाकीट काढलं, चिन्ह आत जाईल अशी घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. आतल्या टी-शर्टात तो केवढासा दिसत होता! आजींनी त्याचा दंड चाचपला. "किती वाळलास रे," त्या म्हणाल्या. ट्रॉली निघेपर्यंत त्यांनी तो दंड सोडला नाही.

दुपारी आजींना वॉर्डात आणलं, तेव्हा तो तिथेच खुर्चीत बसून होता. जाकीट आणून देऊ का विचारलं, तर त्याने नको म्हणून नुसती मान हलवली. आजींनी डोळे किलकिले केले, त्याला पाहिलं आणि पहिला शब्द काढला, "जेवलास?"

आणि तो एवढा मोठा गडी माझ्यासमोर ढसाढसा रडायला लागला.