बार्नमधली दिवाळी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या आजीला गावात लोकांकडे चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. कप तिनेच विसळायचा आणि दाराबाहेर पालथा घालायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी का चिडले ते कळेल.

अमेरिकेतल्या फ्रिस्को शहराच्या पलीकडे, सपाट गवताळ रानात, एका शेतकरी कुटुंबाचं जुनं बार्न आहे, म्हणजे धान्याचं कोठार. त्या वस्तीची पहिली शाळा त्यात भरली. चर्च उभं राहीपर्यंत प्रार्थनाही तिथेच व्हायची. कोणी नवं राहायला आलं की या घरातून बिडाच्या खोलगट तव्यात भाजलेलं पीच कॉबलर जायचं, म्हणजे पीचच्या फोडींवर पिठाचा थर दिलेला गोड पदार्थ. आपली मराठी मंडळी आली तेव्हा दिवाळीला हॉल मिळेना. त्या घरातल्या म्हाताऱ्याने बार्न झाडून दिलं, दिव्यांच्या माळा स्वतः लावल्या. आणि त्याची म्हातारी बायको कॉबलर घेऊन आली, अजून गरम.

मी ते जेवणाच्या टेबलावर ठेवायला गेले, तर आमच्या मराठी मंडळाच्या एक काकू आडव्या आल्या.

“अगं, तिथे नको. मागे ठेव.”

“काकू, अंडं नाहीये त्यात. मी विचारलंय.”

“अंड्याचं सोड गं. त्या तव्यात बीफ परतत असतील.”

“त्यांच्याच छपराखाली बसून जेवतोय आपण!”

“जागेचं वेगळं, भांड्याचं वेगळं,” काकू म्हणाल्या. शेजारी उभे असलेले आयटीवाले नवरे हसले. त्यातला एक म्हणाला, “जाऊ दे ना यार, कशाला इश्यू करतेस?”

मी घासभर खाल्लं. बाकीचं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गेलं. काकूंनी तवा साबणाने घासला आणि, रिकामं भांडं परत कसं द्यायचं म्हणून, त्यात चिवडा भरला. म्हातारीला म्हणाल्या, “सो यम्मी! किड्स लव्हड इट!”

पोरांनी त्याचा वासही घेतला नव्हता.

पण म्हातारीला ते खरं वाटलं. पुढच्या दिवाळीला सुनेला मदतीला घेऊन तिने तीन तवे भरून आणले. उन्हाळ्यात स्वतःच्या झाडाचे पीच बरण्यांत घालून ठेवले होते म्हणे, खास आमच्या पोरांसाठी. एक तवा मी हट्टाने टेबलावर मांडला, पोरांना वाढलं. त्यांनी बोटं चाटली. तेवढ्यात नाटुकल्याची वेळ झाली आणि मी पोरांना घेऊन स्टेजकडे गेले. परत येईपर्यंत उरलेले दोन तवे धुऊन पुसून तयार होते.

एक गोष्ट आमच्या हुशार कमिटीच्या डोक्यात आलीच नाही. शेतावर सिटीचा कचऱ्याचा ट्रक येत नाही. कचरा म्हातारा स्वतः नेतो आणि उरलंसुरलं अन्न निवडून कोंबड्यांना घालतो. आम्ही खुर्च्या मिटत होतो आणि त्याने पिशवी उघडली. म्हातारी त्याच्या मागेच उभी होती.

“ॲक्सिडेंटली पडलं,” काकू म्हणाल्या.

“दोन्ही?” म्हाताऱ्याने विचारलं.

“दोन्ही.”

म्हातारीने धुतलेले तवे उचलले, एकात बुंदीचे लाडू होते. ते तिने टेबलावर काढून ठेवले आणि घराकडे चालू लागली. गाडीत बसताना काकू मला म्हणाल्या, “किती टची असतात गं ही लोकं!”

मला शिसारी आली. एवढ्या डिग्र्या, एवढी घरं, ग्रीन कार्डाच्या रांगेत आपल्याला कसं परकं वागवतात यावर तासन्‌तास चर्चा. आणि डोक्यात तोच दाराबाहेरचा कप! समुद्र ओलांडून आणलेला, जपून.

पुढच्या वर्षीही म्हाताऱ्याने बार्न दिलं. झाडून, माळा लावून. म्हातारी मात्र आली नाही.

“बरं झालं बाई,” काकू पुऱ्या वाढता वाढता म्हणाल्या, “यंदा ते सगळं टाकायचा ताप नाही.”

मी एका ताटात थोडं थोडं सगळं वाढून घेतलं, वर फॉइल लावलं आणि त्यांच्या घराचं दार वाजवलं. म्हातारीने ताट घेतलं, थँक यू म्हणाली आणि फॉइल न काढता ओट्याच्या कडेला सरकवून ठेवलं. मग माझ्याकडे बघत राहिली, मी कधी जाते याची वाट पाहत.