काकांचं गाऱ्हाणं

आमच्या मांद्रे गावात जत्रेला देवापुढे गाऱ्हाणं घालावं, सगळ्या गावासाठी मागणं मागावं, ते शेजारच्या काकांनीच. गालात तंबाखूचा बार असला तरी शब्द खणखणीत. सत्तरी ओलांडल्यावर तोंडाचा कॅन्सर झाला आणि ऑपरेशनमध्ये अर्धी जीभ गेली. आता कोणाच्या हातात तंबाखूची पुडी दिसली, की काका नुसता आ करून दाखवतात. पुडी मुकाट खिशात जाते.

यंदा जत्रेला पुतण्या हळूच म्हणाला, "काकानू, तुमी बसा. औंदा गाराणा मी घालतंय."

काकांनी ओठांवर धरलेला पंचा खांद्यावर टाकला, नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली. एक शब्द कळेल तर शपथ! पण काका जिथं थांबत, तिथं अख्खं देऊळ गरजे, "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाडीचा घसा बसला होता. पुतण्याचा तर आवाजच फुटत नव्हता.