मांजरीचा कान आणि वाटीभर साय

मांजराला मधुमेह होतो यावर ज्यांचा विश्वास नाही त्यांच्याशी वाद घालणं मी केव्हाच सोडलंय. आमच्या मांजरीला झाला होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची, कर्जतची गोष्ट. आधी तो मुंग्यांनी ओळखला. पडवीत तिला शू करायला राखेची पाटी ठेवलेली असायची, त्या पाटीपर्यंत मुंग्यांची रांग लागली. मांजर मोरीतल्या बादलीत तोंड घालून पाणी पीत उभी राहायची. दोन वेळा पोटभर खाऊनही पाठीचे मणके मोजता यावेत इतकी वाळली. मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. बाविसाव्या वर्षापासून हेच दुखणं मी स्वतःच्या अंगावर वागवत होते.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. त्यांना मी दादा म्हणायची. मी शाळेत शिकवायची. दादा रेल्वेतून निवृत्त झालेले. घाट चढताना गाडीला मागून रेटा देणारी इंजिनं असतात, त्यांच्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. ठाकुरवाडीच्या चढावर पावसाळ्यात रूळ कसे निसरडे होतात हे ते कौतुकाने सांगायचे. असा हा दणकट माणूस मी सुई उकळायला ठेवली की पायात चपला सरकवून बाहेर पडायचा. माझं इंजेक्शन त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी त्याला भित्रेपणा म्हणायची, तोंडावर म्हणायची, आणि ते हसायचे.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे मी मांजर पिशवीतून घेऊन गेले. त्यांचा जन्म बैलांचे खूर आणि म्हशींची वेतं बघण्यात गेलेला. आधी ते हसले. मग कपाटातून एक जाडं पुस्तक काढून बराच वेळ वाचत बसले, आणि हसायचे थांबले. "सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं एकेक युनिट सुरू करा बाई. पण रक्त बघितल्याशिवाय वाढवायचं नाय. बघाल ना?"

बघेन म्हणाले. माझ्यासाठी मुंबईहून पट्ट्यांची डबी यायची. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, एका मिनिटाने कापसाने पुसायचा, आणखी एक मिनिट थांबून उमटलेला रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. पिवळट म्हणजे साखर कमी, गर्द हिरवा म्हणजे जास्त. मी प्रत्येक पट्टी कात्रीने उभी चिरली. अर्धी माझी, अर्धी तिची.

पहिल्याच दिवशी चूक केली ती अशी की तिला मांडीवर घेऊन टोचलं. सहा वर्षं ती त्या मांडीवर झोपत आली होती. कानाच्या मधोमध सुई घातली, तिथेच जास्त दुखतं हे मला कुठं माहीत होतं? ती किंचाळली नाही, बोचकारलंही नाही. मांडीवरून उतरली, वळून एकदा माझ्याकडे बघितलं आणि कोठीच्या खोलीत तांदळाच्या पिंपामागे जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं. तिने ओरबाडलं असतं तर निदान बरोबरी झाली असती.

मग मी तिला कमीत कमी दुखावं म्हणून जे जे सुचेल ते करत गेले. मांडी सोडली. शिवणयंत्राच्या झाकणावर गोधडीची घडी ठेवली आणि टोचायचं ते फक्त तिथेच, म्हणजे बाकीचं घर तरी तिला भीतीचं वाटू नये. भाताच्या झाकणावर फडकं ऊन करून मिनिटभर कानाला धरायची. कान ऊन झाला की रक्त आपोआप वर येतं आणि एका टोचणीत काम होतं. कानाच्या अगदी कडेला टोचायचं, मागून कापसाचा बोळा धरायचा, म्हणजे सुई आरपार जाऊन माझ्याच बोटात घुसत नाही. कडेला खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की थेंब केसांत पसरत नाही, गोल उभा राहतो. आज डावा कान, उद्या उजवा. आणि झाल्यावर उकडलेल्या बोंबलाचा एक तुकडा. शेजारच्या काकी कुंपणावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "सोनाराला बोलव गं. टोच कानाला, बाळी घाल, लगीन पण लावून टाक."

कान हलवणंही तिने पुढे पुढे बंद केलं. तेवढं मला जमलं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. पण माझ्याकडे ती परत आली नाही. बोंबील खाऊन झाला की तडक दादांच्या खाटेवर. दादा पेपर वाचत असायचे, ती त्यांच्या पोटाशी गोल व्हायची आणि तिची घरघर मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. मला हेवा वाटायचा. एका मांजरीवरून बापाचा हेवा करणारी चाळिशीची बाई, पण वाटायचा खरा.

रंग मात्र हिरवाच. गर्द हिरवा. डॉक्टर म्हणाले दोन युनिट करा. मग तीन. तसूभर फरक नाही, मग चार. मला माझाच संशय यायला लागला. पट्ट्या खराब झाल्या का, माठात ठेवलेली इन्सुलिनची बाटली उन्हाने नासली का, मी सुई भरताना चुकते का. खात्री करायला मी दिवसातून तीनदा टोचायला लागले. तिच्या कानांच्या कडांना बारीक खपल्या धरल्या होत्या. "अजून किती सोसायचं तिनं?" दादा म्हणायचे, आणि चपला घालून बाहेर जायचे.

त्या उन्हाळ्यात आत्याच्या नातवाच्या लग्नाला दादा लोधिवलीला गेले, चार दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर मांजर मोरीच्या उंबऱ्याशी आडवी पडलेली. मान लुळी, मागचे पाय झटके देत होते. फडकं नाही, तेल नाही, तशीच टोचली. तिला कळलंसुद्धा नाही. पट्टी पिवळटच राहिली.

साखर एकदम उतरली की काय होतं ते मी स्वतः भोगलेलं आहे. हातपाय आपले राहत नाहीत, आवाज विहिरीतून आल्यासारखे येतात. मी साखरेचं पाणी कालवलं आणि बोटाने तिच्या हिरड्यांना चोळत बसले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बोटावर तिचे दात जाणवले तेव्हा मी रडायला लागले.

ती उठून बसल्यावर डोकं चालायला लागलं. डोस तोच, खाणं तेच, मीच भरवलेलं. घरात बदललं होतं ते एकच, दादा नव्हते. मी त्यांच्या खाटेखाली वाकून बघितलं. ट्रंकेच्या मागे एक पितळी वाटी होती. तिला साय वाळून चिकटलेली आणि सायीत साखरेचे दाणे.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी वाटी ओटीवरच त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती बघितली आणि खाली बसले.

"कान टोचला की पोराच्या तोंडात गूळ घालतात गं," ते म्हणाले. "आपल्यात रीतच हाय ती. तुझे टोचले तवा मीच घातलेला. हिला गूळ चालंना, म्हून सायीत साखर."

"किती वेळा?"

"जेवढ्या वेळा तू टोचायचीस तेवढ्या वेळा."

म्हणजे मी टोचायची, ते गोड करायचे, रंग चढायचा, मी डोस वाढवायची आणि पुन्हा टोचायची. महिनोन्‌महिने. मी चिरलेल्या पट्ट्या, ऊन केलेली फडकी, तेल, बोंबील, सगळं त्या एका वाटीत बुडालं होतं.

"साखर म्हणजे काय हे ज्या घरात सगळ्यांना माहीत आहे, त्या घरात तुम्ही हे केलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

तेवढ्यात ती आतून आली. अजून झोकांड्या जात होत्या. माझ्या पायांवरून पुढे गेली आणि दादांच्या घोट्याला डोकं घासायला लागली. तिचा जीव त्या वाटीने जात होता आणि माझ्या बोटाने वाचला होता, पण तिचा हिशोब वेगळा. माझ्या लेखी त्या क्षणी दोघांनीही मला फसवलं होतं.

मी आत गेले, फडकं ऊन केलं, सुई आणि पट्टी आणली आणि त्यांच्या हातात दिली. "आजपासून तुम्ही टोचायचं, दादा."

त्यांनी तिला शिवणयंत्राच्या झाकणावर ठेवलं. कान धरला. तासन्‌तास इंजिनाचा दांडा धरलेल्या त्या हातातली सुई कानाला न लागता गोधडीत रुतली. दुसऱ्यांदा लागली, ती ओरडली, आणि त्यांनी सुई खाली टाकली. डोळे पुसत म्हणाले, "मला नाय जमायचं गं. पोरी, मला नाय जमत हे."

"मला तरी कुठं जमत होतं, दादा?" मी म्हणाले. "अठरा वर्षं रोज टोचून घेते. कधी विचारलंत?"

मी सुई उचलली आणि उकळायला आत घेऊन गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते चपला घालून बाहेर गेले नाहीत.