बाहेरून मागवलेल्या गुळपोळ्या

माझ्या आत्यावर अन्याय झाला तो संक्रांतीनंतरच्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, थाटीपूरमधल्या एका सहनिवासाच्या बैठकीच्या खोलीत. हत्यार होतं निळं बॉलपेन. ‘स्वतः स्वयंपाक करते का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असं लिहिलं गेलं. ज्या बाईंनी ते लिहिलं, त्यांनी चारच दिवसांपूर्वी आत्याच्या हातच्या तीन गुळपोळ्या तुपाबरोबर खाल्ल्या होत्या. मी मोजल्या, कारण वाढायला मीच होते.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला आवाज ऐकू येतात. गोळ्या घेतल्या की कमी येतात, पण येतात. त्या सहनिवासात तिच्यासारख्या नऊ जणी आहेत. मानसिक आजारातून सावरणाऱ्या बायकांनी थोड्या आधाराने आपलं आपण जगायला शिकावं म्हणून हे घर, असं फाटकावरची पाटी सांगते. पाटी फार सुंदर आहे. तिच्यावर फोडणी देणारी एक हसरी बाई रंगवली आहे. आत गेलं की मात्र स्वयंपाकघराला कुलूप, आणि किल्ली वॉर्डनदीदीच्या गळ्यात. चहा चार वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिळतो. साखर सगळ्यांना सारखी, अगदी डायबिटीसवालीलासुद्धा. भेदभाव नाही हो आमच्याकडे.

वर्षातून एकदा इथे मूल्यांकन होतं. चहा करते का? स्वयंपाक करते का? दार आतून लावते-उघडते का? (दारांना आतून कडीच नाही, पण फॉर्म वरून छापून येतो, त्याला काय माहीत.) पुरेसे ‘हो’ मिळाले की बाईला गच्चीलगतची खोली मिळते. तिथे स्वतःची शेगडी आहे आणि दाराला आतून कडी आहे. दिवाळीपासून ती खोली रिकामी आहे. आत्याला ती हवी आहे. दुसरं काही मागताना मी तिला कधी ऐकलेलं नाही.

“मला माझ्या वेळेला, माझ्या साखरेचा चहा हवाय,” ती म्हणते. “तू त्याला हक्क म्हण, चळवळ म्हण. मी चहा म्हणते.”

मी सिटी सेंटरला बँकांसमोर उभी राहून चळवळीची पत्रकं वाटणारी मुलगी. माझं लिहिणं पत्रकातलं आणि बोलणं अर्ध्यावर हिंदीत घसरणारं, तेवढं चालवून घ्या. या घरावर मी आधीही एक पत्रक काढलं होतं. मथळा होता, ‘कुलूपबंद स्त्रिया!’ आत्याने ते वाचून घडी घातली आणि खिडकीच्या फटीत कोंबलं. थंडी येत होती म्हणे. “माझ्यासाठी लढतेस, तर मथळा काय ते आधी मला विचारायचं. मी कुलूपबंद नाही. डबे कुलूपबंद आहेत.”

आता पोळ्यांकडे येते.

दर संक्रांतीला या घराची कमिटी अंगणात हळदीकुंकू करते. पस्तीस-चाळीस जणी येतात, बहुतेक दर्पण कॉलनीकडच्या, सगळ्या आपल्याच मराठी. सवाष्णींना कुंकू लावतात. इथल्या बायकांमध्ये कुणी टाकलेली, कुणी बिनलग्नाची, म्हणून त्यांना दुसऱ्या रांगेत बसवून गुलाबाचं फूल देतात. याला निमंत्रणात ‘सर्वसमावेशक हळदीकुंकू’ म्हटलं होतं. यंदा वाण म्हणून सगळ्यांना चहाचं छोटं स्टीलचं पातेलं होतं. इथल्या नऊ जणींनाही मिळालं. फोटो झाले. संध्याकाळी वॉर्डनदीदीने नऊही पातेली गोळा करून स्वयंपाकघरात ठेवली आणि कुलूप लावलं.

गुळपोळ्या नेहमी ज्यांच्याकडून यायच्या त्या बाई ऐन वेळी इंदूरला लेकीकडे गेल्या. आदल्या दिवशी दुपारी कळलं. वॉर्डनदीदी म्हणाली, “मैडम, गजक मँगवा लेते हैं, यहाँ की गजक से बढ़िया क्या है?” गजक म्हणजे इथली तीळगुळाची कुरकुरीत वडी. कमिटीच्या अध्यक्षबाई फोनवर कडाडल्या, “गजक? हळदीकुंकवाला? अहो, आपल्या संस्कृतीचा प्रश्न आहे!”

तेव्हा आत्याच म्हणाली, मी करते.

वॉर्डनदीदीने गळ्यातली किल्ली दोनदा चाचपली आणि कुलूप उघडलं. सकाळी सातला आत्या आत शिरली. आधी तिने सगळ्या डब्यांची झाकणं उघडून नुसता वास घेतला. मग तीळ भाजले, डाळीचं पीठ तेलावर परतलं, गूळ किसून मळून घेतला. मी लाटायला बसले. माझी पहिली पोळी कडेला फुटली आणि गूळ तव्यावर जळाला.

“हे काय गं? तुझ्या मोर्च्यासारखीच आहे. मधे सगळं ठासून भरलंय आणि कडा रिकाम्या.”

“आत्या, डोक्यातले आवाज काय म्हणतायत?”

“म्हणतायत, पोरीला उठव. आणि ते तुझ्या पत्रकवाल्यांपेक्षा शिस्तीचे आहेत. एका वेळी एकच बोलतो.”

साठ पोळ्या झाल्या. पाहुण्या आल्या तरी शेवटच्या तव्यावरच होत्या. वासाने कितीतरी जणी खिडकीशी आल्या, ताटं पुढे करून म्हणाल्या, “अजून एक दे गं.” आत्या एकेक पोळी उलथन्याने ताटात टाकत होती. कपाळाला तांदळाची पिठी, मनगटावर चटका, आणि चेहरा असा की मी तिला वीस वर्षांत तसं पाहिलं नव्हतं.

अंगणात अध्यक्षबाई खुर्चीवर होत्या. तिसरी पोळी संपवून म्हणाल्या, “खुसखुशीत! अगदी आमच्या सासूबाईंच्या हातची. कुठून मागवल्या?”

वॉर्डनदीदीने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “बाहर से मँगवाई है, मैडम.”

मी तोंड उघडलं. खिडकीत आत्याने नुसती मान हलवली, नको. आणि मी, जी बँकेच्या मॅनेजरला भर रस्त्यात ऐकवते ती मी, तुपाची वाटी घेऊन पुढच्या ताटाकडे गेले.

नंतर तिच्यावर भडकले तर ती म्हणाली, “दीदीला घरी दोन मुली आहेत. बाईला गॅसजवळ जाऊ दिलं म्हणून तिला काढतील. ती किल्ली तिने मागून घेतलेली नाही.”

मग आला तो मंगळवार. नातेवाईक म्हणून मला बसू दिलं होतं, बोलायला नाही. ‘स्वयंपाक: नाही’ लिहिलं जाताना मी बोलले.

“काकू, शुक्रवारी तुम्ही खाल्लेल्या पोळ्या हिने केल्या.”

“त्या बाहेरून आल्या होत्या ना?”

वॉर्डनदीदीने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

“हे बघ,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “नातेवाइकांचं आम्ही धरत नाही. रेकॉर्डवर काय आहे?”

“रेकॉर्ड तुमच्या पोटात होतं, काकू.”

“ही भाषा! म्हणूनच तुम्हा पत्रकवाल्यांना कुणी जवळ करत नाही.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. पण वाईट नाहीत हो त्या. उठता उठता म्हणाल्या, “पाडव्याआधी एक बैठक आहे. तोवर पाहुण्यांपैकी कुणी लेखी दिलं, की आम्ही हिला करताना पाहिलं, तर फेरविचार करू. नाहीतर खोली दुसरीला.”

बाहेर पडताना आत्या म्हणाली, “कोण लिहिणार? त्यांना पोळी आठवेल. हात कुणाचा होता ते नाही आठवायचं.” हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं. मथळाही तिनेच दिला. अट एकच, दीदीला दोष द्यायचा नाही. मला तो द्यायचाही नाही. त्या सकाळी तिने कुलूप उघडलं, हे त्या घरात झालेलं मी पाहिलेलं एकमेव बरं काम. ते नियमाविरुद्ध असेल, तर नियम बदला.

आणि तुम्ही, ज्यांनी त्या शुक्रवारी खिडकीशी ताट पुढे केलंत. मराठी मंडळाचा हा अंक तुम्ही वाचता, मला माहीत आहे. पोळी देणारा हात तुम्ही पाहिलात. मनगटावरचा चटकाही पाहिलात, एकीने तर “तूप लाव गं” असं सांगितलंसुद्धा. आज एक कागद घ्या. पोळ्या कुणी केल्या ते लिहा. तिला तव्यापाशी तुम्ही स्वतः पाहिलंत हे लिहा, आणि तिच्यासाठी कुलूप उघडलं गेलं ते योग्य झालं, हेही लिहा. फाटकाशी सूचनांची पेटी आहे. तिला कुलूप आहे, पण वर फटही आहे. पाडव्याच्या आधी कागद त्यात टाका.

सही वाचता येईल अशी करा.